गॅलरीतली धूळ दुबईची की सूस रोडची?

गॅलरीवाली
परवा सकाळी गॅलरी पुसायला घेतली तर कठड्यावर धुळाक्षरं गिरवता येतील इतका थर. आदल्या संध्याकाळीच पुसली होती हो! आम्ही पुण्यात सूस रोडला, चौथा मजला. समोर दोन टॉवरचं काम चालू, मागचा रस्ता खणलेला. माझ्या मते गुन्हेगार उघड आहे. पण शेजारचे काका आले, कठड्यावरून बोट फिरवलं, ते माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाले, "ही आपली नव्हे. ही दुबईची. पाषाणला लेझर मारून बघतात, त्यांना सगळं कळतं."

मी हसले, पण रात्री झोपताना तेच डोक्यात. आकाशात लेझर मारून धूळ कुठली ते खरंच कळतं का? कसं? धुळीवर काय गाव लिहिलेलं असतं? जाणकारांनी सोप्या भाषेत सांगावं. कॉमर्सवाली आहे, सांभाळून घ्या.

चहाबिस्किट
दुबईची असेल तर कुणाला सांगू नका, कस्टमवाले येतील. सोनं निघालं तर निम्मं माझं.

कोथरूडकर_७
काकांच्या बोटाला पेटंट मिळायला हवं.

गंमत सोडा, पण येते हो बाहेरची धूळ. २०२२ चा जानेवारी आठवा, तेवीस-चोवीस तारीख. मी टेकडीवर फिरायला गेलो तर समोरच्या इमारती पुसल्यासारख्या. धुकं समजून थांबलो, ऊन वर आलं तरी हटेना. धुक्याला ओल असते. हे कोरडं, दातांखाली कचकच. मग कळलं की कराचीच्या बाजूने अरबी समुद्रावरून धुळीचं वादळ आलंय, गुजरात-मुंबई सगळं पांढरं झालंय. तेव्हा काका अगदीच थापा मारत नाहीत.

शंकासुर
येते हे मान्य. 'ही' ती, हे कशावरून? प्रश्न तो आहे.

अभ्रक
ताई, धुळीवर गाव लिहिलेलं नसतं, पण लांबून चालीवरून माणूस ओळखावा तसा अंदाज बांधता येतो. पीएचडीला असताना चार वर्षं रात्री जागून हाच उद्योग केला (पुण्यात नव्हे), म्हणून जरा लांबण लावतो.

लायडार हा रडारचा भाऊ, फक्त रेडिओलहरींच्या जागी प्रकाश. लेझरचा अगदी आखूड ठोका सरळ वर सोडायचा आणि शेजारच्या दुर्बिणीने वाट बघायची. वाटेत कण भेटले की थोडा उजेड उलटा फिरतो. एका मायक्रोसेकंदाने परतला तर कण १५० मीटरवर, वीस मायक्रोसेकंदांनी आला तर तीन किलोमीटरवर. असे हजारो ठोके जमवले की आकाशाचा उभा काप हाती येतो. घाटात रस्ता कापल्यावर कातळाचे थर दिसतात ना, एकावर एक, अगदी तसा.

पण उजेड परत आला, एवढ्यावरून तो धुळीवरून आला, धुरावरून की ढगावरून, ते कसं कळणार? खरी गंमत इथे आहे. लेझरचा प्रकाश एकाच पातळीत डोलत जातो, म्हणजे ध्रुवित असतो. पाण्याचा थेंब गोल. दमट हवेत फुगलेला धुराचा कणही गोलच. गोल कणावरून सरळ मागे फिरलेला प्रकाश आपली पातळी सोडत नाही. धुळीचा कण म्हणजे खडीचा चुरा, नुसते कोपरे नि कंगोरे. त्यावरून परतताना प्रकाशाची डोलण्याची दिशा बिघडते. मग दुर्बिणीमागे दोन खिडक्या ठेवायच्या, एक मूळ दिशेची आणि एक काटकोनातली. काटकोनातल्या उजेडाला मूळ दिशेच्या उजेडाने भागलं की विध्रुवण गुणोत्तर मिळतं. गोल थेंबाला ते जवळपास शून्य येतं, वाळवंटी धुळीला हिरव्या प्रकाशात (५३२ नॅनोमीटर) ०.३ च्या आसपास. अंधारात डब्यात हात घातला तरी साबुदाणा कुठला आणि खडीसाखर कुठली हे बोटांना कळतं, तसं समजा.

तिसरा_डोळा
वा! आता मला माझ्या फोटोंचं कळलं. त्या जानेवारीत काढलेलं आकाश दुधासारखं आलंय, निळा रंग एडिटिंगमध्येही सापडेना.

अभ्रक
@तिसरा_डोळा, बरोबर. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून आकाश निळं. धुळीचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा मोठे, ते सगळे रंग साधारण सारखेच विखुरतात, म्हणून पांढरट. लायडारवालेही याचा उपयोग करतात. ३५५, ५३२ आणि १०६४ अशा तीन तरंगलांब्या एकदम सोडायच्या. परतलेल्या उजेडात रंगागणिक मोठा फरक पडला तर कण बारीक, बहुधा धूर. फारसा फरक नसेल तर कण जाड.

शंकासुर
छान. पण गोल नाही म्हणजे वाळवंटी, हे कोणी ठरवलं? सिमेंट, क्रशरची भुकटी, खणलेला मुरूम, यातलं गोल काय असतं? ताईंच्या समोरच्या टॉवरची धूळसुद्धा तुमच्या त्या काटकोनातल्या खिडकीत चमकणारच. मग आकडा ०.३ आला की मथळा: "वाळवंट पुण्यात!" आणि बिल्डर निवांत.

कोथरूडकर_७
+१. बिल्डर निवांत याला +१००.

अभ्रक
शंकासुर, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. नुसत्या विध्रुवणावरून गाव सांगता येत नाही, कबूल.

मदतीला पहिली येते ती उंची. दिवसा जमीन तापते तशी इथली धूळ एक-दोन किलोमीटरपर्यंत घुसळली जाते, रात्री हे घुसळणं थांबतं. अशात मध्यरात्री तीन-चार किलोमीटरवर कंगोरेदार कणांचा वेगळा थर तरंगताना दिसला आणि त्याच्याखाली बऱ्यापैकी स्वच्छ हवा असली, तर तो थर सूस रोडवरून वर गेलेला नाही. मग त्या उंचीवरच्या वाऱ्यांची वाट उलटी काढत जायची, की तो थर दोन-तीन दिवसांपूर्वी कुठे होता.

दुसरी गोष्ट जरा किचकट आहे, पण ताई कॉमर्सवाल्या आहेत म्हणून हिशोबाच्या भाषेत सांगतो. वाण्याने एकूण २२० रुपये झाले म्हणून सांगितलं. वजन सांगितलं नाही, भावही नाही. लायडारचं दुखणं हेच. समीकरण एक, अज्ञातं दोन: कणांनी किती उजेड मागे धाडला आणि वाटेत एकंदर किती उजेड गिळला. या दोहोंचं गुणोत्तर, म्हणजे लायडार गुणोत्तर, हा तो भाव. साध्या लायडारमध्ये भाव गृहीत धरावा लागतो, आणि गृहीत चुकलं की पुढचं सगळं बिल चुकलं.

यातून वाट काढली ती रामन परिणामाने. १९२८ साली कलकत्त्यात सापडलेला, तोच. ३५५ नॅनोमीटरचा ठोका सोडला की हवेतला नायट्रोजन त्यातला किंचित उजेड ३८७ वर परत करतो. कुठल्या उंचीवर नायट्रोजन किती हे आपल्याला आधीच ठाऊक. म्हणजे ३८७ चा उजेड हिशोबापेक्षा जितका कमी आला तितका वाटेतल्या धुळीने गिळला. नायट्रोजन हा फितूर न होणारा साक्षीदार! आता वजन आणि भाव दोन्ही मोजता येतात. अडचण एकच: हा उजेड हवेचे रेणू एरवी रंग न बदलता जो उजेड विखुरतात त्यापेक्षा सुमारे हजारपट फिका असतो, दिवसा सूर्यापुढे टिकत नाही. म्हणून आमच्या रात्री गेल्या.

याच मोजमापांसाठी २००६ मध्ये मोरोक्कोत आणि २००८ मध्ये केप व्हर्दे बेटांवर 'सामुम' नावाची मोठी मोहीम झाली. तिथे सहाराच्या धुळीचा हा 'भाव' ५५ च्या आसपास निघाला. अरबस्तान आणि पश्चिम आशियाच्या धुळीचा ४० च्या आसपास येतो, कारण मातीतली खनिजं वेगळी. तेव्हा गाव नाही, पण जिल्हा कळतो म्हणा.

गॅलरीवाली
बिलाचं उदाहरण एका फटक्यात समजलं. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला आपल्या वाण्याला रामन लावायला हवा.

चहाबिस्किट
विसर्जन मिरवणुकीत आम्हीही पुण्याच्या हवेत लेझर मारतो. त्यातून काय मोजतात? डेसिबल?

नाडीपरीक्षा
@चहाबिस्किट, त्यातून माझ्या नेत्रतज्ज्ञ मैत्रिणीकडचे पेशंट मोजतात. दृष्टिपटल भाजलेली पोरं आली की हसू येत नाही.

मूळ विषयाचं म्हणाल तर फुप्फुसांना गाव कळत नाही. कण किती बारीक आणि किती आत गेला, एवढंच. दमेकऱ्याला दुबई आणि सूस दोन्ही सारखेच. असा पांढरट दिवस दिसला की पहाटेचं फिरणं बंद ठेवा, गॅलरी ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. मास्क घातलात तर उत्तम. कोविडमधले कपाटात पडलेत ना अजून?

आप्पा_पाषाणकर
काकांची 'पाषाणला लेझर' ही गोष्ट हवेतली नाही, म्हणजे हवेतलीच आहे, पण खरी आहे. आयआयटीएमने (पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था) १९८६ मध्येच पुण्यात आर्गन-आयन लेझरचा लायडार चालू केला होता. देवरा आणि राज यांचं त्यावरचं काम प्रसिद्ध आहे. मी त्या संस्थेतला नव्हे, आयुष्यभर भिंगं, आरसे आणि त्यांची दुरुस्ती यात गेलो, म्हणून ती रचना मला फार आवडायची.

वर अभ्रक यांनी ठोक्याचं सांगितलं. आर्गन-आयनचा हा किरण सलग, ठोका नाहीच. मग परत यायला लागलेला वेळ कसा मोजणार? नाहीच मोजायचा! लेझर एका जागी, दुर्बीण थोड्या अंतरावर दुसऱ्या जागी. दुर्बिणीची नजर किरणाला जिथे छेदेल, ती उंची. दुर्बीण जरा उभी केली की छेद वर सरकतो, कलती केली की खाली. शाळेतली त्रिकोणमिती, बास. आता मुलं बटण दाबतात आणि पडद्यावर रंगीत चित्र येतं. असो, म्हातारा झालो.

ताई, तुमच्या कठड्यासाठी मात्र लेझर नको. घरात जुना बिघडलेला स्पीकर आहे का? त्यातलं लोहचुंबक काढा. सुक्या ब्रशने धूळ कागदावर जमवा आणि कागदाखालून चुंबक फिरवा. आपला कातळ बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट या चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे बारीक काळे कण असतात. क्रशरची भुकटी, क्रश सँड हे सगळं त्याचंच. वाळवंटी धुळीत क्वार्ट्झ आणि चिकणमातीचा भाग मोठा, रंग फिका. काय होतं ते कळवा.

शंकासुर
आप्पा, दंडवत. पण ब्रेकची धूळ आणि गेटाच्या वेल्डिंगचे कणही चुंबकाला चिकटतात, हे नोंदवून ठेवतो.

आप्पा_पाषाणकर
चिकटतात. तेही सूस रोडचेच की.

वाळवंटी_मराठी
शारजाहून हजर. 'दुबईची धूळ' या शब्दाला सक्त हरकत! इथे आमच्या बाल्कनीवर थर बसला की आम्ही म्हणतो इराकची. शमाल म्हणून वायव्येचा वारा असतो, तो तिकडच्या मैदानांतली माती खाली आखातात आणून टाकतो. २०२२ च्या वसंतात इराकमध्ये एकामागून एक वादळं झाली, आकाश नारिंगी, विमानतळ बंद. तेव्हा तुमचे काका बोट दाखवतात आमच्याकडे, आम्ही इराककडे. इराकवाले कुणाकडे दाखवतात ते विचारायला हवं.

बाकी इथे गाडी रोज धुतली तरी सकाळी पावडर लावल्यासारखी असते. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाली, "फडकं मारत नाहीस का रे?"

बांधावरून
इंदापूरकडून. धूळ आली की म्हातारी माणसं म्हणतात पाऊस बरा होणार. यात काही तथ्य आहे का नुसतंच आपलं?

अभ्रक
@बांधावरून, म्हाताऱ्यांच्या ठोकताळ्याला थेट दुजोरा देता येणार नाही, पण जवळपासचं काही आहे. २०१४ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये विनोज आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. अरबी समुद्रावरची आणि पश्चिम आशियावरची धूळ ऊन शोषते, तिथली हवा तापते, त्याने समुद्रावरून भारताकडे येणारे वारे जोर धरतात, आणि आठवडाभराच्या आत मध्य भारतातला पाऊस वाढतो. ही पावसाळ्यातल्या दिवसांची गोष्ट, जानेवारीतल्या धुळीची नव्हे. पण यासाठी धूळ किती आहे याइतकंच ती किती उंचीवर आहे हेही महत्त्वाचं. खाली तापवली की वर तापवली, परिणाम वेगळा. जमिनीवरून सूर्याकडे बघणारी उपकरणं एकूण धूळ सांगतात, कुठल्या मजल्यावर ते नाही. मजला सांगतो लायडार.

बांधावरून
म्हणजे लिफ्टमन.

शंकासुर
अभ्रक, अजून एक काडी. एका गावात एक लायडार, वर एक बारीक रेघ. अख्ख्या अरबी समुद्राचं काय? तिथे दुर्बीण कोण धरून बसलंय?

अभ्रक
वरून धरली होती. कॅलिप्सो उपग्रह, २००६ ते २०२३. सातशे किलोमीटरवरून लेझर खाली मारायचा, विध्रुवणही मोजायचा. सहाराची धूळ अटलांटिक ओलांडून अॅमेझॉनच्या जंगलात पडते, ती वर्षाला सरासरी २ कोटी ७७ लाख टन, हा हिशोब त्याच्याच २००७ ते २०१३ च्या मोजमापांवरून निघाला. त्या धुळीतून जंगलाला सुमारे २२ हजार टन फॉस्फरस मिळतो, पावसाने धुपून जातो साधारण तेवढाच. एका खंडाची उडालेली माती दुसऱ्या खंडाचं खत! मला हे वाचून चार दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

तुमच्या काडीचं उत्तर मात्र अर्धंच देता येईल. कॅलिप्सो नेमक्या त्याच रेषेवर १६ दिवसांनी परतायचा. वादळ दोन दिवसांत येऊन गेलं तर हुकलंच म्हणा. शिवाय त्याच्यात रामन नव्हता, त्यामुळे भाव गृहीत धरावा लागे. धुळीला आधी ४० धरत, पुढच्या आवृत्तीत ४४ केला. सहाराचा मोजलेला ५५, म्हणजे तिथली धूळ त्याच्या वहीत कमीच लागत गेली. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपानचा अर्थकेअर वर गेला, त्यातला लायडार ३५५ वर चालतो आणि रेणूंचा उजेड कणांच्या उजेडापासून वेगळा काढतो, म्हणून भाव स्वतः मोजतो.

चहाबिस्किट
थोडक्यात, गॅलरी पुसायला घेतली आणि ताई अॅमेझॉनला पोचल्या.

कोथरूडकर_७
धागा भरकटला पण छान ठिकाणी भरकटला. वाचनखूण साठवली.

गॅलरीवाली
सगळ्यांचे आभार, पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. समजा पाषाणचा लेझर आत्ता चालू आहे. माझ्या चौथ्या मजल्यावर काय आहे हे त्यात दिसेल का?

अभ्रक
ताई, हे मी सोयीस्करपणे टाळत होतो. नाही दिसणार. लेझर आणि दुर्बीण शेजारी असतात, त्यामुळे अगदी जवळ किरण दुर्बिणीच्या नजरेत पुरता शिरलेलाच नसतो. पहिले काहीशे मीटर हे बहुतेक लायडारचं आंधळं क्षेत्र. तीन किलोमीटरवरची धूळ सांगेन, चौथ्या मजल्यावरची नाही.

चहाबिस्किट
दिव्याखाली अंधार, हे शब्दशः पहिल्यांदाच बघतोय.

अभ्रक
मान्य आहे :) पण दुसऱ्या बाजूने बघा. हजारभर किलोमीटर प्रवास करून येणारे कण बहुतेक काही मायक्रोमीटरचेच, जाड कण वाटेतच गळतात. एका रात्रीत धुळाक्षरं गिरवण्याइतका, बोटाला खरखरीत लागणारा थर बसला तर माझा संशय जवळच्यावरच.

शंकासुर
(आता उलट बाजूने) सगळेच गळतात असं नाही. अटलांटिकच्या मधोमध, आफ्रिकेपासून दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर, ४५० मायक्रोमीटरपर्यंतचे सहाराचे कण सापडल्याचा २०१८ चा शोधनिबंध आहे.

अभ्रक
आहे, आणि ते इतके लांब कसे तरंगले याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही. पण ते थोडके असतात. कठड्यावर थर बसवण्याइतके नव्हेत.

गॅलरीवाली
रविवारचा प्रयोग, आप्पांच्या आज्ञेनुसार.

स्पीकर मिळाला, माळ्यावरच्या टेपरेकॉर्डरचा. नवऱ्याने चुंबक काढताना दोन स्क्रू हरवले. गॅलरीच्या कठड्यावरची धूळ ब्रशने कागदावर घेतली, खालून चुंबक फिरवलं, आणि काय सांगू! काळ्या कणांची रांग मुंग्यांसारखी चुंबकामागे धावायला लागली. मुलगी किंचाळलीच. मग तिनेच सुचवलं म्हणून गच्चीवरच्या सोलर पॅनेलवरची धूळही घेतली. ती पिठासारखी, फिकट, बोटाला मऊ. तिच्यातून फारच थोडे काळे कण निघाले. बाकीची जागची हलली नाही.

म्हणजे कठडा सूस रोडचा, आणि गच्चीचं काय ते मला ठरवता येत नाही.

काकांना बोलावून दोन्ही कागद दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, चुंबक हातात घेऊन बराच वेळ फिरवलं, गच्चीच्या कागदाकडे बोट करून "हे बघा" म्हणाले. कठड्याच्या कागदाबद्दल विचारलं तर म्हणाले, "दुबईत काय लोखंड नसतं?"

वाळवंटी_मराठी
असतं. काकांना सांगा, स्टील भारतातूनच येतं.

आप्पा_पाषाणकर
ते दोन स्क्रू सोफ्याखाली बघा. चुंबक फिरवलं की मिळतील.